करवंद की मोरपंखी?

कुंपणाला झाड कोणते लावावे, हा प्रश्न वरकरणी माळ्याला विचारण्याजोगा वाटतो. प्रत्यक्षात तो घरातल्या माणसांनी आपापसांत सोडवायचा असतो. आंबा, चिकू, सीताफळ ही झाडे आपण अंगणात लावतो आणि ती आपली राहतात. कुंपणाचे झाड मात्र अर्धे आपले आणि अर्धे रस्त्याचे. त्याचा काटा, त्याचे फळ, त्याचा पाचोळा यांचा हिशेब शेजाऱ्याशी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशीही ठेवावा लागतो. महसूल खात्यात नोकरी झाल्यामुळे ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण मी अक्षरशः खरी झालेली पाहिली आहे. बांधावरची काटेरी झुडपे दर पावसाळ्यात थोडी थोडी पुढे सरकतात आणि पंधरा-वीस वर्षांनी दोन सख्खे भाऊ मोजणीचा अर्ज घेऊन कचेरीत उभे राहतात. झुडपाला त्याचा पत्ताही नसतो.

इंदूरच्या आमच्या घरापुढील रस्ता २०२० च्या अखेरीस रुंद झाला. समोरची भिंत आत घ्यावी लागली आणि तिच्यालगतची, वडिलांनी लावलेली करवंदांची जुनी रांग गेली. नवी भिंत कमरेएवढी. ती आणि व्हरांडा यांच्यामध्ये चोवीस फूट लांब आणि जेमतेम चार फूट रुंद अशी मातीची पट्टी उरली. तेथे काय लावावे यावर घरात दोन पक्ष झाले. घरात आम्ही दोघेच असल्यामुळे प्रत्येक पक्षात एकेक सभासद. मी करवंदाच्या बाजूचा, सौ. मोरपंखीच्या. मुलगा बंगळुरूहून तटस्थ राहिला, म्हणजे त्याच्या मते तेथे फरशी घालून मोकळे व्हावे.

मोरपंखीची बाजू घेणाऱ्यांचे पहिले म्हणणे असे असते की ती बारमाही हिरवी असते. ते खरेच आहे. पण करवंदही बारमाही हिरवेच असते, हे कोणी ध्यानात घेत नाही. चामड्यासारखी जाड, चकचकीत पाने ऐन वैशाखात अंगावर घेऊन हे झुडूप उभे असते. तेव्हा निवड हिरवे आणि उघडेबोडके यांतली नाही. एका झाडाला फूल, फळ आणि काटा आहे, दुसऱ्याला यांपैकी काहीच नाही, एवढाच काय तो फरक. आणि सारी गुंतागुंत त्याच फरकात आहे.

करवंद म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ‘डोंगरची काळी मैना’ येते. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात काळीभोर टपोरी फळे, ओठांना चिकटणारा चीक, आणि फळ फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ: आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. हे सारे चैत्र-वैशाखातले, पावसाच्या आधीचे. बेळगावकडच्या वाचकांना जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूची करवंदे ठाऊक आहेत. त्यांना यात नवे काही नाही. आम्हां माळव्यातल्यांचे मात्र करवंदाशी नाते निराळे आहे, आणि ते मला माझ्या आजीमुळे कळले.

आजोबा नोकरीनिमित्त तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात इंदुरास आले. आजी देवरुखाकडची. वैशाख लागला की तिला करवंदांची आठवण होई आणि वैशाखात इंदूरच्या बाजारात करवंद दृष्टीस पडत नसे. ते येई भर पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, आणि येई तेही ‘करौंदा’ या नावाने: पांढरट हिरवे, एका गालावर गुलाबी झाक असलेले, आंबटढाण. उत्तरेकडे झाड तेच, पण मोसम वेगळा आणि उपयोगही वेगळा. कोकणात ते पिकून काळे झाल्यावर तोंडात टाकायचे, इकडे ते कच्चे असतानाच उतरवून हिरव्या मिरचीबरोबर फोडणीला घालायचे किंवा त्याचे लोणचे घालायचे. आजीने या करौंद्यांना करवंद कधी म्हटले नाही. “ही करवंदं नव्हेत, करवंदांची सावत्र भावंडं,” असे ती म्हणे. पण लोणचे मात्र दरवर्षी तिच्याच हातचे असे.

गंमत अशी, की आजीच्या या शेऱ्याला शास्त्रातही थोडा आधार निघतो. सह्याद्रीतले रानकरवंद आणि उत्तरेतला बागेतला करौंदा यांना एकाच नावाखाली घालावे की वेगळे मोजावे, याविषयी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत एकवाक्यता नाही. संस्कृतात त्याला करमर्द म्हणतात, आणि लिनियसने दिलेल्या ‘कॅरिसा करंदास’ या नावातला दुसरा शब्द आपल्या देशी नावाशीच नाते सांगतो. हे झुडूप कण्हेर, तगर, चाफा यांच्या कुळातले. त्या कुळातली बरीचशी मंडळी विषारी. कण्हेरीचे तर नावच पुरे. अशा घराण्यात जन्मून करवंदाने खाण्याजोगे फळ द्यावे याचे मला नेहमी कौतुक वाटते. कुळाचा पांढरा चीक तेवढा त्याने सोडलेला नाही. लोणच्यासाठी फळे चिरून, बिया काढून मिठाच्या पाण्यात ठेवतात ती हा चीक निघावा म्हणूनच.

पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने करौंद्याच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’, ‘पंत सुवर्णा’ अशा जाती काढल्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ काढली. याचा अर्थ रानातले हे पोर आता शाळेत गेले आहे. केकवर किंवा पानाच्या विड्यावर जी लालभडक ‘चेरी’ आपण मोठ्या चवीने खातो, ती पुष्कळदा साखरेत मुरवून रंगवलेले करवंदच असते, हे नातवंडांना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे, थापा मारणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले.

आता मोरपंखीविषयी. तिचा पक्ष माझा नसला तरी तिच्यावर अन्याय होऊ नये. मूळची ती चीन-कोरियाकडची. बीजिंग शहराच्या दोन अधिकृत वृक्षांपैकी ती एक आहे, आणि तिकडच्या मंदिरांच्या आवारांत व दफनभूमींत शतकानुशतके उभे असलेले तिचे वृक्ष आहेत. आपण जिला कुंडीतली शोभेची बाहुली समजतो, तिचे वय तिकडे पिढ्यांत मोजतात. लिनियसने तिला ‘थुजा’ या गटात घातले होते. १९४९ मध्ये तिला तेथून काढून ‘प्लॅटिक्लॅडस’ असे स्वतंत्र घर देण्यात आले. रोपवाटिकांनी त्याची दखल घेतलेली नाही, तेथे ती थुजाच आहे. शंकुधारी झाडांना मराठीत सरसकट ‘सूचिपर्णी’ म्हणण्याची रीत आहे, पण मोरपंखीच्या अंगावर सुई शोधूनही सापडणार नाही. तिची पाने खवल्यांसारखी, एकमेकांवर दाबून बसलेली, आणि त्यांचे चपटे पिसारे जमिनीवर आडवे न पसरता पुस्तकाच्या पानांसारखे उभे राहतात. फूल नाही. निळसर हिरवे, आकड्यांची शिंगे असलेले लहानसे शंकू येतात, ते वाळून उकलतात आणि बी खाली पडते.

ओघात आणखी एक सांगायला हवे. पुष्कळांना कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडे मोरपंखीची भावंडे वाटतात. तीही तशीच बारीक, हिरवी, फळासारखे काहीतरी टणक धरणारी. पण किनाऱ्यावरचा सुरू हा शंकुधारी नव्हे, तो फुलणाऱ्या झाडांपैकी आहे. फारसी कवितेतला उंच सडपातळ ‘सर्व’ हा खरा शंकुधारी. त्याचे नाव आपण घेतले आणि बाहेरून आलेल्या दुसऱ्याच झाडाला देऊन टाकले. नावांची अशी उसनवारी आम्हां परमुलखात स्थायिक झालेल्यांना चांगलीच परिचयाची आहे.

मोरपंखीचे आपल्या घरांतले खरे स्थान बागेत नसून दप्तरात आहे. माळव्यात मुले तिला ‘विद्या’ म्हणतात. तिची डहाळी पुस्तकात ठेवली की अभ्यास येतो, ही श्रद्धा माझ्या पिढीने पाळली आणि तिचे निकालपत्रकावर दिसलेले परिणामही निमूटपणे सोसले. सौ.चे वडील धारला शिक्षक होते. त्यांच्या शाळेच्या दाराशी दोन मोरपंखी होत्या आणि परीक्षेच्या दिवसांत त्या मुलांच्या हाताला येईल तेवढ्या उंचीपर्यंत ओरबाडलेल्या असत, असे ती सांगते. तिच्या जुन्या पुस्तकांतून अजूनही कधीमधी तपकिरी पडलेली एखादी डहाळी निघते. करवंदाला पुस्तकात ठेवून पाहा.

दोन्ही झाडांच्या देखभालीतच त्यांचा स्वभाव कळतो. करवंद पहिली दोन वर्षे जगवावे लागते. मग ते पाणी मागत नाही, माती निवडत नाही. हाडकुळ्या मुरमातही ते उभे राहते. बुडाशी फूटभर ठेवून तोडले तरी फुटून येते. त्याची अडचण वेगळीच आहे. त्याचे फुलोरे फांद्यांच्या टोकाशी येतात. म्हणजे कात्री चालवून कुंपण जितके रेखीव करावे तितके फळ कमी. रेखीव भिंत आणि बरणीभर लोणचे या दोन्ही गोष्टी करवंद एकाच वेळी देत नाही. फळ हवे असेल तर छाटणी फळे उतरल्यावर करावी, आणि त्यानंतर झुडूप थोडे अस्ताव्यस्त दिसले तर पाहुण्यांसमोर ते खपवून घ्यावे. मोरपंखीचे नेमके उलट. वरवर हलकी कात्री फिरवत राहिले तर ती वर्षानुवर्षे आकार सोडत नाही. पण चुकून आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कापले तर तेथे पुन्हा पालवी क्वचितच फुटते आणि ते भगदाड कायमचे राहते. आमच्या काळ्या मातीचीही तिला भीती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. मुळाशी पाणी साचले की मोरपंखी एका बाजूने तांबूस होऊ लागते, आणि आपल्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

छाटलेल्या फांद्यांचा प्रश्न आमच्या शहरात जरा जास्तच गंभीर आहे. स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक इंदूरने २०१७ साली मिळवला, तेव्हापासून ओला आणि सुका यांवर आमची सत्त्वपरीक्षा रोज सकाळी होते. करवंदाची काटेरी छाटणी कोणत्या डब्यात घालावी हे गाडीवाल्यालाही सांगता येईना. तेव्हा मला अल्बर्ट हॉवर्ड यांची आठवण झाली. १९२४ ते १९३१ या काळात येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या संस्थेत त्यांनी कंपोस्ट खताची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. त्या विषयावरचे १९३१ चे पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिले, हे आपल्या मंडळींना सहसा माहीत नसते. कठीण, लाकडी अवशेष खड्ड्यात घालण्याआधी ते शेतातल्या रस्त्यांवर पसरायचे, गाड्यांच्या आणि पायांच्या रहदारीखाली ते चिरडले गेले की मग खड्ड्यात घालायचे, अशी त्यांची युक्ती होती. नव्या रुंद रस्त्यावर करवंदाचे काटे पसरून तिचा प्रयोग करावा, असा विचार मी बोलून दाखवला; शेजाऱ्यांच्या दोन स्कूटरचा विचार करून तो तेथेच सोडला.

काटे, चीक, पाचोळा, सापाची भीती हे सारे मुद्दे सौ.ने मांडले खरे, पण तिची खरी हरकत त्यांपैकी एकही नव्हती. ती मला माहीत होती आणि आम्ही दोघेही तिच्याभोवती घुटमळत होतो.

तिची थोरली बहीण ग्वाल्हेरला असे. दर भाद्रपदात आमच्या करवंदांचे लोणचे एका चिनी मातीच्या बरणीत भरून, तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी ताईंकडे जाई. थंडीत तीच बरणी गजक भरून परत येई. सुमारे तीस वर्षे हे चालले. बरणी कोणाबरोबर गेली, वाटेत तेल सांडले की नाही, यंदा मोहरी जास्त झाली का, यावर दोघींची लांबलचक पत्रे असत. पुढे ती फोनवर होऊ लागली. २०१८ च्या हिवाळ्यात ताई गेल्या. बरणी तेव्हा आमच्याकडे परत आलेली होती. पुढच्या भाद्रपदात झुडपे नेहमीसारखीच लगडली, फळे पिकून काळी झाली, खाली पडली, भिंतीलगत त्यांचा जांभळा सडा झाला. ती तोडायची गोष्ट आमच्यापैकी कोणी काढली नाही. त्याही पुढच्या वर्षी तसेच.

“अहो, भाद्रपद दरवर्षी येणारच आहे,” ती म्हणाली, “तो झाडानं सांगायला नको. मोरपंखीला तिथी नसते. मला आता तसंच झाड हवं.”

याला तोडीस तोड उत्तर माझ्याजवळ नव्हते. माझ्याजवळ होता तो नोकरीतला अनुभव. झाबुआ, खरगोन, शाजापूर, मंदसौर अशा बदल्या होत गेल्या. प्रत्येक ठिकाणच्या सरकारी बंगल्याच्या दाराशी मोरपंखी होती. साहेब कोणत्याही महिन्यात रुजू होवो किंवा कार्यमुक्त होवो, ती तशीच. तिच्याकडे पाहून हा मार्च की सप्टेंबर, हे सांगता यायचे नाही. करवंद मात्र एकाही सरकारी निवासस्थानाच्या कुंपणाला पाहिल्याचे मला आठवत नाही. रोप लावल्यापासून फळ यायला तीन वर्षे लागतात, आणि तीन वर्षांत आमचे बिऱ्हाड हलायचे. जाणाऱ्याने कशाला लावावे आणि येणाऱ्याला त्याचे काय? मोरपंखी हे बदलीच्या माणसाचे झाड आहे, असे माझे पक्के मत झाले ते तेथे. आपल्या स्वतःच्या घरात, जेथून आता कोणतीही बदली व्हायची नाही, निदान कागदावरची तरी नाही, तेथे महिने सांगणारे झाड असावे, असे मला वाटत होते. तसे मी तिला म्हणालो. तिने ऐकून घेतले. मान्य केले असे म्हणता येणार नाही.

रस्त्याची आखणी झाली त्याच भाद्रपदात मी पडलेल्या फळांतले बी काढून लगेच पिशव्यांत पेरले होते. करवंदाचे बी ठेवणीत टिकत नाही. फळातून निघाले की जमिनीत गेलेले बरे. जुनी रांग उपटली गेली तेव्हा ही रोपे बोटभर होती. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांतली जोमदार अशी सात निवडून फाटकाच्या बाजूने अडीच-अडीच फुटांवर लावली. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या खिडकीसमोर, वाळू आणि मुरूम घालून हातभर उंच वाफा केला आणि त्यावर दोन मोरपंखी लावल्या. उरलेल्या जागेत काही लावलेले नाही, दोघांनाही वाढायला मोकळीक हवी.

मोरपंखींनी अपेक्षेप्रमाणे काहीही केले नाही. त्या फक्त वाढल्या. मे महिन्यात धूळ बसली की सौ. सकाळी रबरी नळीने त्यांना आंघोळ घालते. उष्ण, कोरड्या दिवसांत त्यांच्यावर बारीक लाल कोळी पडतो, त्यावर हा साधा आणि चांगला उपाय आहे. खिडकीतून पाहिले की डोळ्यांना गारवा वाटतो हे मलाही कबूल केले पाहिजे. दुपारी वर्तमानपत्र घेऊन मी आताशा तेथेच बसतो. करवंदांना २०२४ च्या वसंतात पहिली फुले आली. चांदणीसारखी पांढरी, जाईच्या वळणाचा वास असलेली. संध्याकाळी तो वास फाटकापाशी घोटाळतो. त्या वर्षी फळे मोजकीच धरली आणि ती लालबुड्या बुलबुलांनी परस्पर निकालात काढली. त्यांनी पुढे मधल्या झुडपात, काट्यांच्या भरवशावर, घरटेही केले.

पुढच्या भाद्रपदात मात्र फांद्या वाकल्या. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई माळव्यातल्याच, देवासकडच्या. त्यांनी आल्या-आल्या फाटकातूनच विचारले, करौंदे कधी तोडायचे? मी काही बोलायच्या आत सौ. खिडकीतून म्हणाली, “आजच तोडा. काळे पडू देऊ नका, गुलाबी आहेत तोवरच. आणि हाताला आधी तेल लावा, चीक निघत नाही.” दोघींनी मिळून दोनेक किलो फळे उतरवली. त्यांतली निम्मी बाई घरी घेऊन गेल्या. निम्म्यांचे लोणचे झाले. मोहरी जरा जास्त झाली असे मला वाटले, पण मी तसे बोललो नाही. लोणचे तिने काचेच्या साध्या बाटल्यांत भरले. बरणी माळ्यावरच आहे.